लोकल आयडी

"काका, आधारवर पत्ता टाकवे बुद्रुकचा आहे," काउंटरमागचा पवन म्हणाला. "लोकल आयडीला आम्ही रूम देत नाही."

"टाकव्याचाच हाये मी. मग काय खोटा पत्ता लिवू?" भिकाजीला काही उमगलंच नाही.

"तसं नाही काका. मावळ तालुका म्हणजे लोकल. पॉलिसी आहे."

"आरं, मी मेंबर हाये! ह्ये कार्ड बघ. ह्यो बुकिंगचा मेसेज. मंगळवार, बुधवार, बेस्तरवार, तीन राती."

पवननं कार्ड उलटंपालटं केलं, कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं आणि फोन उचलून मॅडमना बोलावलं.

त्याची बायको चंपा मागं सोफ्याच्या कडेला टेकली होती. नीट बसायचं धाडस होत नव्हतं, कारण लोणावळ्यात वलवणच्या ह्याच रिसॉर्टमध्ये तिनं अठरा वर्षं खोल्या साफ केल्या होत्या. रोज चौदा खोल्या, चौदा संडास. संडासात ओतायच्या ॲसिडनं छाती पोखरली, तेव्हा दोन वर्षांपूर्वी एक शाल खांद्यावर टाकून तिला घरी पाठवण्यात आलं.

लोकल आयडीचा नियम तिला पाठ होता. आसपासची पोरं येतात, पितात, मारामाऱ्या करतात, म्हणून इथल्या माणसाला खोली द्यायची नाही. मुंबईहून येऊन गादीवर ओकणाऱ्याला मात्र सकाळी सलाम ठोकायचा. ती ओकारी चंपानं हातानं काढली होती. पण हा नियम मेंबरलाही लागतो का, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. अठरा वर्षांत मावळातला एकही मेंबर तिनं पाहिला नव्हता. तिचा नवरा पहिलाच.

तो मेंबर कसा झाला तेही ऐका. पाच वर्षांपूर्वी तळेगावच्या कारखान्यातून रिटायर झाला, त्याच महिन्यात चिंचवडच्या मॉलमध्ये कुणीतरी त्याच्याकडून एक चिठ्ठी भरून घेतली. दोन दिवसांनी फोन आला, बक्षीस लागलंय, जोडीनं या. चंपा ड्यूटीवर होती, हा एकटाच गेला. फंडाचा आकडा ऐकल्यावर त्यांना एकटाही चालला. थंडगार हॉल, मोठ्यानं गाणी, आणि टाय लावलेला पोरगा तीन तास त्याला "सर, सर" करत दरवर्षी रिसॉर्टमध्ये राहायची मेंबरशिप गळी उतरवत होता. कुणी सही केली की सगळा हॉल टाळ्या वाजवी. कारखान्यात तीस वर्षं घासली, तिथं भिकाजीसाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

त्यानं एकच प्रश्न विचारला होता. "लोनावळ्यात हाये का तुमचं?" आहे म्हटल्यावर सही ठोकली. कारण फार वर्षांपूर्वी जेवता जेवता चंपा बोलून गेली होती, "त्या गादीवर येकदा तरी आडवं व्हावं वाटतं बघा. पर चादरीला वळी दिसली तर पगार कापत्यात." ती विसरून गेली. हा विसरला नाही.

कागद पंचवीस वर्षांचा होता. त्याचं वय साठ होतं. टायवाल्याला बेरीज येत नव्हती असं नाही.

घरी येऊन बक्षिसाचा डिनर सेट तिच्या पुढ्यात ठेवत तो म्हणाला, "घे. तुझ्या हाटेलाची मालकीन केली तुला."

चंपाचा घास हातातच राहिला. दिवाळीत आणि मे महिन्यात मेंबर लोक ह्याच काउंटरवर गळ्याच्या शिरा ताणून ओरडतात, हे तिनं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. मेंबरला 'फुल्ल आहे' सांगून तीच खोली मोबाइलवरून पैसे भरणाऱ्याला देतात, हेही तिला ठाऊक होतं. खोली आवरायला तीच जाई. सगळी माहिती असलेलं माणूस घरात चुलीपुढं बसलेलं, आणि हा विचारायला गेला टायवाल्याला! बाई, तुला काय वाटतं, असा एक शब्द विचारला असता तर? पण उभ्या जन्मात नवऱ्यानं पहिल्यांदा तिच्यासाठी काहीतरी घेतलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं झालं."

लेक मानसीनं नंतर कागदावर मधोमध रेघ मारून हिशेब मांडला. "पप्पा, वर्षाला जेवढी फी भरता तेवढ्यात कुठल्याही लॉजवर चार दिवस राहता येतं. आणि बुकिंग तर एकदाही मिळालेलं नाही. परत करून टाका ना."

"परत घेत न्हाईत."

"मग विका."

"कोन घेनार? तू घेतीस?"

"मला घ्यायची गरजच नाही. तुमच्यानंतर फी माझ्याच गळ्यात. सही केलीय तुम्ही तशी." तोट्याची बाजू भरून खाली उतरली. फायद्याची कोरी. भिकाजीनं पेन ओढून घेतलं आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'चंपा'. मानसीनं कागदाची घडी घातली.

आज फेब्रुवारीतला मंगळवार. परीक्षांचे दिवस, म्हणून एकदाचं बुकिंग लागलं होतं.

मॅडम आल्या आणि जागीच थबकल्या. "चंपामावशी? तुम्ही?"

ही अमृता. ट्रेनी म्हणून आली तेव्हा तिला चादरीचे कोपरे दुमडायला चंपानंच शिकवलं होतं. आता मॅनेजर. ती चंपाजवळ बसली, सगळं ऐकून घेतलं. "मावशी, आयडी टाकला की सिस्टिमच अडवते. तुम्ही गोव्याचं घ्या, महाबळेश्वरचं घ्या. तिकडं तुमचा आयडी चालतो."

"गोवा?" भिकाजी उसळला. "बाई, चार पावलं चालली की हिला धाप लागती. डाक्टरनं लांबचा परवास बंद केलाय. टाकव्यास्नं हितवर कशी आनली माझं मला ठावं. खोल्या न्हाईत का तुमच्याकडं?"

"आहेत," अमृता फरशीकडं बघत म्हणाली. "निम्म्या रिकाम्या आहेत."

मग तिनं आवाज खाली आणला. "एका रात्रीपुरतं करता येईल. स्टाफच्या रजिस्टरला नाव टाकते. हाउसकीपिंग, टेम्पररी. मागच्या जिन्यानं वर जा, सकाळी सातच्या आत खोली सोडा. कुणाला कळणार नाही."

"चालंल!" भिकाजीनं हातच जोडले. "लिवा. चंपा भिकाजी ओव्हाळ. मला झाडूवाला लिवा, काय बी लिवा."

चंपानं त्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं. फंडातले निम्मे पैसे ह्यांच्या घशात घातलेला माणूस, स्वतःच्या खोलीत शिरायला झाडूवाला व्हायला निघाला होता.

"न्हाई," ती म्हणाली.

"अगं, येकच रात—"

"न्हाई म्हनलं ना. पैसं भरल्यात तुमी. चोरावानी मागनं कशाला जायाचं?" धाप लागली, ती थांबली. "त्या जिन्यानं मी लय चढले. आता न्हाई."

"चंपे, दुसरी खेप व्हायची न्हाई गं."

"ठावं हाये मला." मग अमृताला म्हणाली, "पानी दे बाई घोटभर."

अमृतानं स्वतः जाऊन पाणी आणलं, दोन्ही हातांनी दिलं. डोळे वर केले नाहीत. चंपा पाणी प्यायली, उठली. "चला. लोकल घावंल."

मागून पवनचा आवाज आला. त्याला सांगावंच लागत असणार. "काका, राहिला नाहीत तरी मेंबरशिपमधल्या तीन रात्री वजा होतील. आणि एप्रिलची फी थकवू नका, व्याज लागतं."

भिकाजीनं वळून पाहिलं. मग पिशवी उचलून चंपाच्या मागं निघाला.

फाटकाशी चंपा थांबली. नवऱ्याच्या हातातली पिशवी घेऊन तिनं खाली ठेवली, चेन उघडली आणि दोन्ही हातांनी तोंड फाकवून गार्डपुढं धरली. अठरा वर्षं सुट्टी झाली की इथं असंच उभं राहावं लागे. साबणाची वडी, टॉवेल, काही चोरून नेत नाही हे दाखवायचं. हातांनी आपलं काम केलं. तिला विचारलंही नाही.

गार्ड नवा होता, गोंधळला. "मावशी, बंद करा. गेस्टची ब्याग आमी बघत न्हाय."

आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, भाकरीचा डबा होता, आणि कामशेतच्या दुकानातून आणलेला नवाकोरा गाऊन. किमतीची चिठ्ठी अजून तशीच. चंपा वाकलेलीच राहिली.

भिकाजी तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि चेन ओढू लागला. गाऊनचं कापड दात्यांत अडकलं. तो एकेक दाता सोडवू लागला, कापड फाटू नये म्हणून हळूहळू. बाहेरून आलेल्या गाडीनं हॉर्न दिला. गार्डनं दोघांना जरा बाजूला व्हायला सांगितलं.