मागच्या भिंतीचा सूर

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. गल्लीच्या टोकाला सगळ्यांची मिळून एक खोली आहे, तिथे खिडकीखाली माझी जागा. माझ्यापुढे खुर्ची टाकून बसायचं, पायांनी भाता चालवायचा आणि बोटांनी सूर काढायचे. मला घडवणाऱ्या सुताराने निरोप देताना माझ्या फळीवरून हात फिरवला, तो सासरी निघालेल्या लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

खोलीत सकाळी शिवणकाम शिकवतात, दुपारी म्हातारी मंडळी पत्ते कुटतात. संध्याकाळी बुवा उभे राहून देवाची गोष्ट गात गात सांगतात आणि मास्तर मला वाजवतात. बुवांनी ध्रुवपद उचललं, की सकाळी नळावर भांडलेल्या बायकाही ते एकमेकींच्या सुरात सूर मिसळून म्हणतात. देव आणखी कुठे राहत असेल तर मला ठाऊक नाही.

पुढे माझी एक पट्टी मुकी झाली. नेमकी ध्रुवपदाच्या शेवटी लागणारी! मास्तरांनी दाबली की नुसती फूस व्हायची. लोक हसले. तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या इस्त्रीवाल्या मावशींनी तो सूर गळ्यातून दिला. मावशी एकट्या राहायच्या, कुणाशी फारशा बोलायच्या नाहीत. पण त्या दिवसापासून ध्रुवपदातली ती जागा त्यांची झाली. तिथे आले की सगळे थांबायचे आणि मावशी सूर लावायच्या. त्यांना उशीर झाला तर बुवा म्हणायचे, "थांबा जरा, पेटी अजून पुरती आलेली नाही."

मग मंडळींनी हौसेने मला दुरुस्त करून घेतलं. त्या संध्याकाळी माझा सूर खणखणीत लागला. टाळ्या पडल्या. मावशींनी उघडलेलं तोंड हळूच मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. नंतरही नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, कपडे फार पडलेत. इस्त्रीच्या टेबलावर तर एक रुमालसुद्धा नसायचा. शेवटी बुवा स्वतः त्यांच्या दारी गेले. काय बोलणं झालं, ते मास्तरांनी मला पुसता पुसता शेजाऱ्याला सांगितलं.

"आता माझं काय काम? पेटी दुरुस्त झाली ना?" मावशी म्हणाल्या होत्या.

"ती झाली हो," बुवा म्हणाले, "आम्ही बिघडलो."

त्या संध्याकाळी मावशी आल्या, पण दाराशीच उभ्या राहिल्या. ध्रुवपद संपत आलं. मास्तरांनी त्या पट्टीवरचं बोट उचललं. सगळी खोली थांबली. मग दारातून सूर आला, थोडा कापरा, पण जागेवर. बायकांनी सरकून भिंतीशी जागा केली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, भात्यात उंदीर शिरू देऊ नका, या खोलीला कुलूप लागू देऊ नका. आणि कधी मला वाजवायला बसलात, तर ती पट्टी चांगली आहे म्हणून दाबू नका. मागच्या भिंतीकडे बघा आणि थांबा.