एकतीस मीटर

पोलीस ठाण्याच्या आवारात जप्त केलेली जीपनी, प्रवासी नेणारी लांबट जीप, उभी होती आणि तिच्या मागच्या चाकाला कोंबड्या टोचत होत्या. तपास अधिकारी दिविना टेक्सनने त्यांना दोनदा हाकललं, दोनदा त्या परत आल्या. तिसऱ्यांदा ती स्वतःच चाकाशी उकिडवी बसली. टायरच्या खाचांत भाताचे दाणे चेपून बसले होते, तुसासकट.

दुपारचा दीड वाजला होता. चार वाजता जीपनीचा ड्रायव्हर मेल्चोर याला सरकारी वकिलांपुढे उभं करायचं होतं, आणि त्याला आत टाकायला दिविनाचा अहवाल पुरेसा होता. काल दुपारी शेतवाटेवरून हायवेवर आलेल्या सायकलला त्याने उडवलं होतं. सायकलवरचे सत्तर वर्षांचे दोरो जागीच गेले. तासाभराने दिविना पोचली तेव्हा रस्ता लख्ख होता. चाकं घसरल्याची खूण एकतीस मीटर भरली. कोरड्या काँक्रीटच्या घर्षणाचा आकडा तिने तक्त्यातून उचलला आणि वेग काढला, ताशी चौऱ्याहत्तर. तिथली मर्यादा साठ.

"ब्रेक धरला हो मॅडम, गाडीनं रस्ता धरला नाही," मेल्चोर कालपासून एवढंच म्हणत होता. सगळेच ड्रायव्हर असं काहीतरी म्हणतात.

तिने वही उघडली. पहिले नऊ मीटर काळे. पुढचे बावीस फिकट, भुकटी सांडल्यासारखे. हे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. का, हे मात्र विचारलं नव्हतं.

ती घसरण मोजायचा ठोकळा गाडीत चढवू लागली. टायरचा अर्धा तुकडा आणि त्यात ओतलेलं सिमेंट, वजन वीस किलो. लेफ्टनंट बाग्तास दारात आले.

"टेक्सन, धोंडा घेऊन कुठे? सहलीला?"

"अपघाताच्या जागी, सर. अहवाल चुकलाय."

"त्यावर सही कोणाची आहे?"

"माझीच. म्हणून तर चाललेय."

बाग्तासांनी घड्याळ बघितलं. "साडेतीनपर्यंत काही कळलं नाही, तर मी आहे तो अहवाल घेऊन जाणार."

दोरोंच्या अंगणात ताडपत्रीखाली, मयताच्या जागरणाला बसलेल्यांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. शवपेटी आत होती.

"आले चलानवाले," एकाने पत्ता आपटला. "मेलेल्याच्या नावानेही पावती फाडणार?"

"मी पावतीपुस्तक आणलेलं नाही, कुया," दादाला म्हणावं तसं म्हणत दिविना आत गेली.

मयत घरात असेपर्यंत झाडू लावायचा नाही, हे या भागात लहान मुलालाही ठाऊक असतं. जमीन कालपासून तशीच होती. दारापासून जिन्याखाली रचलेल्या पोत्यांपर्यंत दाण्यांची वाट सांडली होती. काही दाणे सपाट चिरडलेले होते. अनवाणी पायांनी असं चिरडत नाही.

दोरोंची बायको इसिंग शवपेटीशी बसली होती. दिविनाने हात जोडले, पेटीपाशी क्षणभर थांबली आणि मग तिच्या शेजारी बसली.

"आलिंग इसिंग," तिने थोरल्या बाईला घालायची हाक घातली, "काल हायवेवर भात वाळत घातलं होतं?"

"रस्त्यावर घालायला बंदी आहे, पोरी."

"ते मला माहितेय. घातलं होतं का?"

मघाचा पत्तेवाला दारात येऊन म्हणाला, "काकू, काही बोलू नका."

"ड्रायव्हर वेगात होता की नव्हता, ते त्यावर ठरणार आहे," दिविना म्हणाली. "दाण्यांवर चाक घसरतं. माझा हिशोब कोऱ्या रस्त्याचा आहे. चार वाजता त्याच हिशोबावर तो आत जाईल."

"आणि भात होतं म्हटलं, तर?" इसिंगचा आवाज चढला. "मीच माझ्या माणसाला मारलं असं लिहिशील?"

"भात होतं असं लिहीन. कोणी घातलं तेही लिहावं लागेल. खोटं सांगत नाही तुम्हाला."

तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती. इसिंग उठली. जिन्याखालचं एक पोतं तिने कवेत घेतलं. पत्तेवाला आडवा आला, तसं तिने ते त्याच्याच खांद्यावर दिलं.

"चल, उचल. कालही तूच भरलं होतंस ना?"

हायवेवर दिविनाने गाडी आडवी लावली. आधी कोऱ्या काँक्रीटवर ठोकळा स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढला. काटा चौदा किलोवर आला. मग इसिंगने काल होता तेवढा जाड थर पसरला. काटा सहावर आला. दिविनाने पुन्हा ओढलं, आणखी एकदा ओढलं. सहा, सहा. मागे खोळंबलेला ट्रक हॉर्न वाजवत होता.

नऊ मीटर एका आकड्याने, बावीस दुसऱ्याने. गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून तिने दोनदा गुणाकार केला. सत्तावन्न.

तिने बाग्तासांना फोन लावला. "सर, मर्यादेच्या आत होता तो. सत्तावन्न."

"लेखी साक्ष आहे?"

दिविनाने इसिंगकडे बघितलं. इसिंग थरातल्या दाण्यांकडे बघत होती.

"सही केली की मला कोंडतील?"

"माहीत नाही. ते वकील ठरवतील."

"त्या मेल्चोरला पोरं आहेत?"

"मी विचारलं नाही."

"काल काय काय विचारलं नाहीस तू, पोरी?" इसिंग म्हणाली, आणि पेनासाठी हात पुढे केला.

जबाब लिहून त्यावर तिची सही होईपर्यंत दिविना थांबली. मग त्याच कागदावर, सहीच्या खाली, तिने लिहिलं: पहिल्या अहवालात रस्त्याची घसरण प्रत्यक्ष मोजलेली नव्हती. चूक तपास अधिकाऱ्याची. आणि आपलं पूर्ण नाव घातलं.