माझ्यातून घरोघरी काय गेले

मी एक जुनी, दहा लिटरची दुधाची किटली आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून मला घडवले, झाकण साखळीने गळ्याला अडकवले आणि मी काकूंच्या गोठ्यात आले. काकूंकडे तीन गायी. धारा काढून झाल्या की काकू मला सायकलला लावत आणि घरोघरी दूध घालत. त्यांचा हात फार स्वच्छ. "किटली बघा, कशी आरशासारखी!" असे कुणी म्हटले की मी फुलून जाई. मित्रांनो, त्या चकाकीवर सगळेच भुलले. मीसुद्धा.

एकदा तांबडी गाय आठव्या महिन्यातच गाभडली. वासरू मेलेलेच बाहेर पडले आणि वार, म्हणजे गर्भाभोवतीचे आवरण, आत अडकली. काकूंच्या अंगठ्याला विळा लागलेला होता. तशाच उघड्या हाताने त्यांनी वार ओढून काढली.

"डॉक्टरांना बोलावू का?" काकांनी विचारले.

"कशाला? पाय घसरला असेल तिचा. होतं असं एखादवेळी."

काकांनी ते सगळे कुंपणाबाहेर टाकले. कुत्र्यांनी ते ओढत कुठे नेले, कुणी पाहिले नाही. चार दिवसांत तांबडी पुन्हा रवंथ करू लागली. तिचे दूध माझ्यात पडले, तेव्हा ते नेहमीसारखेच होते. पांढरेशुभ्र, फेसाळ, वासही गोड. मला काहीच वेगळे जाणवले नाही.

फाटकाशी निवृत्त मास्तर वाट पाहत असत. माझ्या झाकणातच कच्चे दूध ओतून घेत आणि उभ्या उभ्या पीत. "उकळलं की दुधातला जीव जातो, काकू," ते म्हणत. गल्लीच्या टोकाला एक लहान मुलगी राहत असे. मास्तरांचे पाहून तीही हट्टाने तसेच पिऊ लागली होती.

महिनाभराने काकूंना ताप येऊ लागला. सकाळी बऱ्या असत. दुपार कलली की हुडहुडी भरे आणि मग घामाने साडी चिंब होई. कंबर धरे, गुडघे ठणकत. दवाखान्यातून गोळ्या आणल्या की ताप आठवडाभर जाई आणि पुन्हा येई. त्यातच दुसरी गायही गाभडली. आता मात्र काका घाबरले. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आणले.

बाईंनी कोपरापर्यंत हातमोजे चढवले, तोंड झाकले, गायींचे रक्त काढले. मग त्यांची नजर खांबाला टेकलेल्या काकूंकडे गेली.

"ताप कधीपासून आहे?"

"माझं राहू द्या हो. गाईचं बघा."

"काकू, तुमचा आणि गाईचा आजार एकच असावा. दूध कुणी कच्चं पितं का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिले.

गायींच्या आणि काकूंच्या रक्ततपासणीत ब्रुसेलोसिस निघाला, म्हणजे गायींना गाभडवणारा आणि माणसांनाही लागणारा रोग. काकूंना सहा आठवड्यांची औषधे सुरू झाली. दोन्ही गायी वेगळ्या बांधल्या.

"गावभर सांगत सुटू नकोस," काका म्हणाले. "एक गिऱ्हाईक उरायचं नाही."

"आपल्या किटलीतलं त्यांच्या पोटात गेलंय. आता तोंड लपवून कसं चालेल?"

भिंतींचा आधार घेत काकू दारोदार गेल्या. मास्तर अंथरुणात होते. वयामुळे पाठ दुखते, असेच घरचे समजत होते. रोग मणक्यात उतरला होता. कित्येक महिने औषधे घेऊनही ते पुढे कधी ताठ उभे राहिले नाहीत. काकूंचे बोलणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाले, "दूध मात्र गोड होतं हो."

गल्लीच्या टोकाच्या घराला कुलूप होते. ती मंडळी दुसऱ्या शहरात गेली, एवढेच शेजाऱ्यांना ठाऊक होते. पत्ता कुणाकडेच नव्हता. काकू त्या पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या.

मित्रांनो, दूध चांगले उकळी फुटेपर्यंत तापवा. गाय गाभडली तर उघड्या हाताने काहीही उचलू नका. पडलेले वासरू आणि वार चुना टाकून खोल पुरा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. कालवडींना लहानपणीच लस टोचून घ्या. रोगट गाय दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. ती वरून धडधाकटच दिसते. आणि ताप हटत नसेल, तर घरात जनावरे आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

एक विनंती आणखी. तुमच्या वर्गात एखादी नवी मुलगी आली असेल. दुपारनंतर तिला ताप चढत असेल, खेळताना ती पाय धरून मध्येच खाली बसत असेल. तिचे नाव मला माहीत नाही. तिच्या आईला एवढेच सांगा, की ती कच्चे दूध प्यायली होती. ते दूध माझ्यातले होते.