पाताळगंगेची विभूती

पेठ वडगावात देव हवेतून उतरतो, हे विज्ञानानं मान्य केलेलं होतं. निदान व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओत पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ तसं म्हणत होता.

मंगल कार्यालय भरून वाहत होतं. मेघबाबांपुढच्या तांब्याच्या घंगाळातून गार ढग निघायचा, हातभर वर जाऊन विरायचा, आणि तासाभरात शेजारच्या काळ्या काचेवर पांढरी विभूती धरायची. काचेला कुणी हातसुद्धा लावत नव्हतं.

"दम्याच्या पंपातनं औषध जातं," बाबा सांगायचे, "ढगातनं मी जातो. ही नॅनो-कृपा हाय. अणूच्या पाठीवर बसून येती."

अणूला पाठ असते, ही बातमी हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या संयोगिताला नवीन होती. पण तिला हसू येत नव्हतं. तिच्या दमेकरी सासूबाई, अंबूबाई, बारा दिवस पहिल्या रांगेत बसून तो ढग ओढत होत्या. पंप कपाटात पडला होता. जिना चढताना त्या आता तीनदा टेकायच्या.

"आत्या, पंप घ्या की."

"घेतला की बाबांचा अपमान हुतोय. एवढं शिकून तुला काय कळंना झालंय."

भांडण्यात अर्थ नव्हता. संयोगिता नुसती बघत राहिली. घंगाळात भक्तांनी कार्यालयामागच्या बोअरचंच पाणी भरायचं, असा बाबांचा दंडक होता. त्या पाण्याला ते पाताळगंगा म्हणत.

ती जिनेंद्रकडे गेली. घरोघरी फिल्टरच्या पाण्याचे जार पुरवणारा हा माणूस बाबांचा पक्का भक्त, आणि त्याहून पक्का ईर्षेचा.

"अण्णा, तुमच्यासारखा पाणीवाला गावात असताना बाबांना बोअरचं पाणी? वडगावची लाज काढता व्हय?"

दुसऱ्या दिवशी बाबा यायच्या आधी जिनेंद्रनं घंगाळ रिकामं करून स्वतःच्या हातानं जार ओतला.

ढग निघाला, रोजच्यासारखाच. तास झाला, दोन झाले. काच काळीच.

बाबांनी डोळे मिटले, उघडले. "सभेत पापी हाय."

लोक एकमेकांकडं बघू लागले. उमेदवार कमी नव्हते.

"पापी मागनं शोधू," संयोगिता उठली. "आज पाणी कुणाचं हाय?"

"माझं," जिनेंद्र ताठ होऊन म्हणाला. "एकदम शुद्ध. क्षार नावाला न्हाय."

"तुला कुणी सांगितलंतं रं?" बाबांच्या तोंडून पहिल्यांदाच अस्सल शंका निघाली.

संयोगितानं वायर हुडकून प्लग काढला आणि घंगाळाच्या तळातून एक चकती वर काढली. "ही थरथरती आणि पाण्याचे इतके बारीक थेंब करती, की ते हवेत तरंगत राहतात. पाणी उडून जातं, त्यातला क्षार बारीक कण होऊन मागं उरतो आणि काचेवर बसतो. बोअरला क्षार भरपूर, म्हणून विभूती भरपूर."

"आणि काचेवर न बसलेला?" अंबूबाईंनी विचारलं.

"तुमच्या छातीत, आत्या. बारा दिवस."

अंबूबाई हात पुढं करून म्हणाल्या, "आण तो पंप."

पंप संयोगिताच्या पिशवीतच होता.

चमत्कार दिसला की नमस्कार करायला हरकत नाही. आधी त्यातली एक गोष्ट बदलून पुन्हा बघावं, एवढंच. कृपा खरी असेल तर पाणी बदललं म्हणून तिचं अडत नाही. आणि औषध सोडायचंच असेल, तर ते ज्यानं दिलं त्या डॉक्टरला विचारून सोडावं.

विभूती बहुतेक चुन्याचीच निघाली. बोअर जोडलेल्या कार्यालयाच्या न्हाणीत, नळाच्या तोंडाला तोच थर बसायचा, आणि तो घासायला आठवड्यातून एकदा झुंबरबाई येत असे.