जेलीची बरणी

बरणी

बरणी आडवी. झाकण आर्याच्या मांडीवर. आर्याच्या ओठांवर हिरवं.

मनालीला आधी एवढंच दिसलं. मग लादीवर पसरलेले रबरी मासे दिसले. मग आर्या खोकली.

"काय खाल्लंस? आरू, आ कर. आ!"

अडीच वर्षांच्या आर्याने आ केला. आत हिरवी जीभ. बाकी काही नाही.

"जेली," ती म्हणाली.

जेली नव्हती. पूर्वी होती. झाकणावर अजून चित्र होतं, लाल-हिरव्या-पिवळ्या जेलीच्या अळ्यांचं. आर्याच्या बापाने, कल्पेशने, मागच्या सुट्टीला मस्कतहून आणलेली ती बरणी. जेली आर्याने संपवली. बरणी मनालीने धुऊन ठेवली. अशी पारदर्शक, घट्ट झाकणाची बरणी टाकतं कोण?

रबरी मासे नंतर आले. कल्पेशला तिकडे गळाने मासेमारी करायचा नाद लागला होता. गळाला खरं आमिष नाही, रबराचं. पुढच्या सुट्टीत नायगावच्या खाडीत जिताडा मासा धरायचा म्हणून त्याने सुट्टीवर येणाऱ्या गाववाल्या फ्रान्सिसबरोबर पिशवीभर पाकिटं पाठवली आणि फोनवर सांगितलं, "पाकिटातच राहू दे हां. बाहेर काढू नको. कारण काय, की..." तेवढ्यात फोनचं कार्ड संपलं.

पाकिटं फळीवर राहीनात, घसरायची. बडीशेपेसारखा वास यायचा. सासूबाई, हंसा, म्हणाल्या, "यांना एका जागी बसव गो, घरभर वास सुटला." मनालीने सगळी पाकिटं बरणीत रिकामी केली. खाली हिरवे, वर पांढरे, वर लाल, वर काळे. बरणी खिडकीत छान दिसत होती. आर्याच्या हाताला लागणार नाही इतकी उंच.

आज खिडकीखाली स्टूल होतं.

फोटो

"फोटोत काही नाही," वसईचे डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले.

हंसाने हात जोडले.

"म्हणजे पोटात काही नाही, असं नाही. लोखंडी गळ असता तर दिसला असता. रबर दिसत नाही."

हंसाचे हात जोडलेलेच राहिले.

डॉक्टर मनालीकडे बघत होते. "तोंडाला नुसता रंग असेल, चाटला असेल. पण गिळलं असेल तर हे आत फुगतं. आतडं अडवतं. मग मुंबईला न्यावं लागेल. बेशुद्ध करून दुर्बीण घालतील. एवढ्या लहान मुलीला उगाच बेशुद्ध करायचं नाही. आणि गिळलं असेल तर थांबायचंही नाही. गिळलंय का, ते सांगा."

"मी बघितलं नाही."

"नवीन होते ना सगळे? किती होते?"

"पाकिटं आहेत," ती म्हणाली. रिकामी पाकिटं मनालीने टाकली नव्हती. रबरबँड लावून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"घरी जा. पाकिटांत लावून बघा. मुलगी इथेच राहू दे. पण लवकर."

आर्या हंसाच्या मांडीवर खोकली. एकदा. मनाली दारात थांबली. पुन्हा खोकते का? नाही. रिक्षात बसेपर्यंत तिच्या कानात तोच खोकला

पांढरे

होता. घरी लादीवर बसून ती एकेक मासा पाकिटात घालू लागली. पाकिटावर चित्र, चित्राखाली आत किती ते. पांढरे कुठे कुठे हिरवट झाले होते. पदराने पुसले, डाग निघेना. असू दे. मरू दे डाग. पांढरे पुरे.

लाल

पुरे.

काळे

एक कमी. नाही, तो गुडघ्याखाली. पुरे. घामाने बोटं चिकट होत होती की माश्यांनी, कळत नव्हतं. लोडशेडिंग. पंखा बंद. मोबाइल समोर ठेवलेला, वाजू नये म्हणून ती त्याच्याकडे बघत नव्हती आणि

हिरवे, लाल शेपटीचे

एक कमी.

हिरवे, लाल शेपटीचे

पाकीट उपडं केलं. परत घातले. एक कमी.

कपाटाखाली झाडू घातला. आर्याची हेअरक्लिप निघाली, एक शेंगदाणा निघाला. फ्रिजखाली. स्टुलाखाली. खिडकीच्या बाहेर, जास्वंदीच्या बुडाशी. अंथरुणात. आर्याच्या सकाळच्या झबल्यात.

एक कमी.

दारात सासरे

हरेश्वर मघापासून दारात उभा होता. जन्मभर शेती आणि खाडी केलेला माणूस. जिताडा धरायचा तर जिवंत कोळंबीवर, हे त्याचं मत. पाकिटं आली त्या दिवशी तो पोट धरून हसला होता. "माझा पोरगा येडा हाय, म्हनून जिताडा येडा हाय का? रबर खाईल तो?"

आता तो हसत नव्हता.

"किती कमी?"

"एक, बाबा."

तो उंबऱ्यावरून आत आला. परत उंबऱ्याकडे गेला.

"तो मी नेलेला."

मनालीने मान वर केली.

"काल. खाडीवर. बघू म्हटला, लागतो का. तुटला, गेला पान्यात. लाज वाटली म्हनून बोललो नाय." त्याने मोबाइलकडे बोट केलं. "सांग डॉक्टरला. सगले हायेत म्हनून सांग. पोरीला घरी आन."

तिने मोबाइल उचलला. अंगठा बटणावर.

"बाबा. कुठल्या रंगाचा नेलात?"

हरेश्वरने लादीवरच्या पाकिटांकडे बघितलं. सगळी बंद होती. सगळी सारखीच भरलेली दिसत होती.

"तांबडा," तो म्हणाला.

अंगठा बटणावरून निघाला.

"बाबा!"

"मुंबईला नेऊ नको तिला." तो खाली बसला, जिथे उभा होता तिथेच. "दुर्गीला नेलेली. कल्पेशच्या पाठची ती. दुपारी नेली, म्हनाले उद्या सोडू. मनाली, मुंबईला नेऊ नको."

दुर्गीचं नाव मनालीने या घरात पहिल्यांदा ऐकलं. तिचा फोटो कुठे नव्हता.

"आणि तिच्या पोटात असेल तर? घरी आणून काय करू मी, बाबा? बघत बसू?"



तिने मस्कतला मिस्ड कॉल दिला. लगेच दुसरा.

फोन

"काय गं, कामावर आहे मी."

तिने सांगितलं. एका श्वासात, उलटसुलट. पलीकडे मशीनचा आवाज होता, तो बंद झाला.

"थांब. कशात ठेवलेले म्हणालीस?"

"बरणीत. जेलीच्या."

"कडक प्लास्टिकच्या? सगळे एकत्र? उन्हात?" त्याचा आवाज चिरकला. "अगं, तेच सांगत होतो! एकमेकांचा रंग पितात ते. आणि असलं कडक प्लास्टिक वितळवतात, स्वतःही वितळतात. बरणीचा तळ बघ. आधी तळ बघ, मनाली!"

बरणी, रिकामी

तळाशी धुरकट, चिकट थर होता. तो तिने मघाशीच बघितला होता. उरलेलं तेल असेल, असं वाटलं होतं.

बोट आत पोचेना. हरेश्वरने कोयता आणला. बरणी तडकली. तळाचा तुकडा मनालीने उजेडाला धरला.

एक डोळा. काळा, टाचणीएवढा. त्याच्यामागे शेंबडासारखा पसरलेला ओघळ, बिनरंगाचा, बरणीच्या आत रुतलेला. रंग केव्हाच शेजाऱ्यांत गेला होता. आणि टोकाला फिकट गुलाबी शेपटी.

"अख्खा हाय!" हरेश्वर ओरडला. "बघ, अख्खा हाय!"

ते तर तो म्हणणारच. तो मघाशीही म्हणाला होता. मनालीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. डोकं आहे, शेपूट आहे. मधलं? आर्याने बोट घालून मधलं ओरबाडलं असेल तर?

तिने सुरीचं टोक डोळ्याखाली घातलं. सावकाश. रबर ताणलं, सुटलं, परत चिकटलं. तुटू नको. हरेश्वरने तुकडा दोन्ही हातांनी दाबून धरला होता, तो हलू नये म्हणून तिने त्या हातांवर आपला गुडघा ठेवला. डोक्याकडून पोटाकडे. पोटाकडून

हिरवे, लाल शेपटीचे

शेपटीकडे. एका तुकड्यात निघालं. तिने पाकिटातला एक चांगला मासा काढून शेजारी धरला. हा पातळ, लांबडा, मेल्यासारखा. पण कुठे खड्डा नाही. कुठे तुटलेली कड नाही. तिने परत बोट फिरवलं. परत.

दवाखान्याचा नंबर लावला.

"आहे, डॉक्टर. मिळाला. सगळे आहेत."

"नक्की? अर्धवट नाही ना? तुमच्या सांगण्यावर मी थांबणार आहे, बाई."

हरेश्वर तिच्या तोंडाकडे बघत होता. तो आता काहीच सुचवत नव्हता.

तो ओघळ तिच्या तळहाताला चिकटला होता. तिने बोटं मिटली, उघडली.

"नक्की. हातात आहे माझ्या."

"बरं. आज इथेच ठेवतो नजरेखाली. उलटी झाली, पोट फुगलं तर मग बघू."

मग. मनालीने तो शब्द ऐकला आणि भिंतीला टेकली. पलीकडे फोन हंसाने घेतला.

"मनाली गो, ही पानी प्यायली. खोकत नाय आता. पन एकच लावलंय, जेली दे, जेली दे. काय देऊ?"

झाकण अजून लादीवर होतं, चित्र वर करून. हरेश्वरने ते उचललं, उंबऱ्यावर ठेवलं आणि कोयत्याचा उलटा घाव घातला. तुटेना. त्याने परत घातला.