यंदाची काळी

"काय येतंय?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी ड्रमच्या तोंडाशी वाकून नाक पुढे केलं. आत बार्ली गरगर फिरत होती आणि पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज येत होता.

"पावाची कड."

"भाजलेली की करपलेली?"

"भाजलेली. अजून वेळ आहे."

मास्तर हाताची घडी घालून उभे होते. काचेच्या एवढ्याशा खिडकीतून दाणे तांबूस दिसत होते. "आता?"

"कॉफी. त्याच्या मागून जरा गोडसर काहीतरी. कोको असेल."

"आणि?"

"आणि काही नाही. हां, आता कागद. जळका का…"

वाक्य पुरं व्हायच्या आत मास्तरांनी खटका ओढला. दाणे धडधडत जाळीवर पडले, पंखा सुरू झाला. मास्तरांनी ओंजळभर दाणे उचलून नाकाशी नेले, डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "चार सेकंद उशीर केलात सांगायला. पण चालेल."

"मग तुम्हीच का नाही बोललात?"

"मी बोललो तर तुम्ही कधी शिकणार?"

ही शुद्ध थाप होती. त्या ओंजळीतून मास्तरांना काडीचाही वास आला नव्हता. तीन महिन्यांपूर्वी एक किरकोळ ताप आला, चार दिवस राहिला आणि जाताना त्यांचा वास घेऊन गेला. जीभ तेवढी मागे ठेवली. गोड, कडू, आंबट, खारट एवढं ती सांगे. पण गोड म्हणजे मध की गूळ, हे तिला विचारून उपयोग नव्हता.

घरात हे आधी बायकोला कळलं. गॅसवर दूध करपून पातेल्याचं बूड काळं झालं, घरभर धूर, आणि मास्तर दोन हात अंतरावर बसून पेपर वाचत होते. ती बाहेरून आली, गॅस बंद केला, पातेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, तुम्हाला वास येत नाहीये," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि येईल किंवा येणार नाही, असा निर्वाळा दिला. "एवढ्यासाठी तीन जिने चढायला नको होते," बायको उतरताना म्हणाली. मग अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाली, "माझ्या भावाला सांगून टाका. खाणार नाही तो तुम्हाला."

तिचा भाऊ म्हणजे मास्तरांचा मालक. बीअरच्या सहा टाक्या, एक भट्टी आणि पुढच्या बाजूला चाळीस खुर्च्यांचा हॉल, एवढा त्याचा पसारा. घरी तो मास्तरांना दाजी म्हणे. पण कारखान्याचं दार ओलांडलं की मास्तर. सतरा वर्षांत यात एकदाही चूक झाली नव्हती. मास्तरांना भीती नोकरी जाण्याची नव्हतीच. मेहुणा त्यांना काढणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो त्यांना ठेवून घेईल, खुर्ची देईल, चहा पाठवील, आणि हाक मारील ती दाजी म्हणून. दाजी म्हणून ठेवले जाण्यापेक्षा मास्तर म्हणून हाकलले गेलेलं त्यांना परवडलं असतं.

"काळी लागू दे पाटीवर," ते बायकोला म्हणाले. "मग सांगतो."

थंडी सुरू झाली की हॉलमधल्या पाटीवर तीन हिवाळी बीअर लागत. एक तांबूस, संत्र्याची साल आणि दालचिनी घातलेली. ही बायामाणसांना आवडते असं मालक म्हणे आणि पुरुष ती मुकाट्यानं दोन-दोन पीत. दुसरी जाड, मधाच्या रंगाची, इतकी कडक की तिचा पेला अर्ध्या मापाचा असे. आणि तिसरी काळी. पहिल्या दोन कृतीबरहुकूम कोणालाही जमल्या असत्या. काळी मास्तरांची. तिच्यातली बार्ली ते स्वतः भाजत आणि ती कधी थांबवायची हे कुठंही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मास्तरांनी बाईंना शिकवायला घेतलं. बाई दोन वर्षांपूर्वी डेअरीतून आल्या होत्या. दहा वर्षं दुधाचे आणि लोण्याचे नमुने हुंगलेलं त्यांचं नाक होतं, आणि इथं त्या नुसत्या टाक्यांची तापमानं लिहीत होत्या. आता रोज सकाळी मास्तर त्यांना टाकीपाशी उभं करत. काय येतंय? आणखी? कोणत्या फळासारखं? पिकलेलं की कच्चं? बाई बोलत, मास्तर मान डोलावत, मध्येच "नीट बघा" म्हणून खेकसत. बाटल्या भरणारे आपसांत म्हणत, म्हाताऱ्याला पाझर फुटला. सतरा वर्षं टाकीच्या झाकणाला कोणाला हात लावू दिला नाही आणि आता बघा.

भाजलेल्या त्या बार्लीची बीअर तीन नंबरच्या टाकीत आंबायला पडली. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका सोमवारी बाईंच्या मुलाला गालगुंड झालं आणि त्यांनी रजा घेतली.

नेमका त्याच सकाळी मालक आला. "मास्तर, काळी शुक्रवारी लावायची म्हणतोय. नेहमीच्या मंडळींना निरोप देऊ ना? बघा बरं एकदा."

बघायला मास्तर एकटेच होते. त्यांनी पेला भरला, उजेडात धरला. रंग उत्तम. फेस तपकिरी, घट्ट. नाकाशी नेला, सवयीनं. घोट घेतला. कडू, मागून गोड, जिभेवर भरीव. मालकाकडे बघण्यात अर्थ नव्हता. त्याला दोन बीअरमधला फरक रंगावरून कळे.

उद्या सांगतो, एवढं म्हणता आलं असतं. पण उद्या का, असं त्यानं विचारलं असतं.

"स्वच्छ आहे," मास्तर म्हणाले. "दुपारपासून थंड करायला लावतो."

मंगळवारी बाई आल्या. मफलरही न काढता त्यांनी तीन नंबरचा नमुना घेतला, हुंगला, थांबल्या, पुन्हा हुंगला.

"काय येतंय?" मास्तरांनी विचारलं.

"लोणी," बाई म्हणाल्या. "भरपूर लोणी, मास्तर. डेअरीचं दार उघडल्यासारखं."

लोण्याचा वास म्हणजे यीस्टचं काम अर्धवट राहिलेलं. तो वास यीस्टच खाऊन टाकतं, पण त्याला ऊब लागते. आणि काल दुपारपासून मास्तरांनी टाकी थंड करत आणली होती.

"थंड करणं कोणी सुरू केलं?" बाईंनी विचारलं, आणि विचारून झाल्यावर बोर्डावरचं मास्तरांचं अक्षर पाहिलं. त्यांनी जाऊन थंड पाण्याचा नळ बंद केला.

टाकी पुन्हा उबेला आणायची आणि पाच दिवस हात लावायचा नाही. शुक्रवार गेला. मालकाला बोलावणं भाग होतं.

तो आला आणि ऐकून घेता घेताच लाल झाला. "साठ माणसांना निरोप गेलेत. काल स्वच्छ म्हणालात ना मास्तर? एका रात्रीत लोणी कुठनं आलं?"

मास्तर बोर्डावरचं आपलं अक्षर बघत राहिले. मालकानं उत्तर दुसरीकडे शोधलं.

"बाई, रजेवर जायच्या आधी तुमच्याकडून काही राहिलं का? तापमान, यीस्ट, काही?"

बाईंनी क्षणभर मास्तरांकडे पाहिलं. मग मफलरची टोकं सारखी करत म्हणाल्या, "असेल राहिलं. घाईत होते मी."

पुढचं अगदी सोपं होतं. मास्तरांनी नुसतं गप्प राहायचं होतं. बाईंना दोन शब्द ऐकावे लागले असते, काळी पाच दिवसांनी पाटीवर लागली असती आणि हिवाळा निघून गेला असता.

"त्यांचं काही राहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. "काल मी बघितली. मला वास येत नाही. चार महिने झाले."

मालक आधी हसला. थट्टा आहे असं त्याला वाटलं. मग तो बाटल्यांच्या एका उपड्या क्रेटवर बसला.

"ताईला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे मीच तेवढा उरलो होतो." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. राग कुठल्या कुठे गेला होता, आणि तो गेलेला बघून मास्तरांना बरं वाटलं नाही. "आधी सांगायचं हो, दाजी. आपण काय परके आहोत? तुम्ही काही काळजी करू नका. तुमची जागा कुठं जात नाही."

तो हलक्या हातानं त्यांच्या खांद्यावर थोपटून बाहेर गेला. आजारी माणसाच्या खोलीतून निघावं तसं त्यानं दार आवाज न करता ओढून घेतलं.

"तुम्ही का घेतलंत अंगावर?" मास्तरांनी विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला सांगायचं नसेल."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"दोन महिने झाले," बाई म्हणाल्या. "पोराची छाती भरली होती. रात्रभर बाम चोळत होते आणि सकाळी हात न धुता तशीच आले. अख्ख्या खोलीत घमघमाट. तुम्ही एका माणसाला डोक्याला तेल लावून आला म्हणून घरी धाडलेलं मी पाहिलंय. म्हटलं आता माझी खैर नाही. तर तुम्ही माझ्या हातून पेला घेतलात आणि म्हणालात, काय येतंय?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"बाम सोडून सगळं सांगितलं."

मास्तरांना हसू आलं, पण ते बाहेर पडलं नाही. "मग दोन महिने गप्प का?"

"तुम्ही शिकवत होता ना. मी शिकत होते." बाईंनी पेला उपडा केला. "डेअरीत दहा वर्षांत मला 'चांगलं की खराब' एवढंच विचारलं. काय येतंय, हे कोणी विचारलं नव्हतं."

घरी बायकोनं ताट वाढलेलं होतं. "त्याचा फोन येऊन गेला," ती म्हणाली. "आवाज अगदी रडवेला. मी म्हटलं, तू कशाला रडतोस, नाक त्यांचं गेलंय." तिनं त्यांच्या पानात वाढलं आणि जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. एरवी ती टीव्ही लावत असे.

शुक्रवारी पाटीवर दोनच नावं होती आणि तिसऱ्या ओळीची जागा कोरी. ज्यानं-त्यानं विचारलं. मालकानं सगळ्यांना, जरा पिकते आहे, असं सांगितलं. शनिवारी बाईंनी लोणी कमी झालं म्हणून सांगितलं. सोमवारी म्हणाल्या, गेलं. मंगळवारी त्यांनी पुन्हा पाहिलं, फक्त खात्रीसाठी, आणि मग थंड पाण्याचा नळ स्वतः उघडला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, बुधवारी काळी लागली. बाहेर धुकं होतं, खुंट्यांवर कोटांची गर्दी झाली होती. काळीचा पहिला पेला दरवर्षी एका निवृत्त पोस्टमनचा असे. तो लोकरीची टोपी गुडघ्यावर ठेवून बसे, पेला पुढ्यात आला तरी शिवत नसे. आधी मास्तरांनी यंदाची कशी उतरली ते दोन वाक्यांत सांगायचं, मग तो पिणार.

"बोला मास्तर. यंदा काय काय येतंय?"

मालक गल्ल्यामागून झटकन पुढे आला. "दाजी, तुम्ही बसा, मी सांगतो यांना…"

"यंदा यांना विचारा," मास्तर म्हणाले आणि बाईंना पुढे केलं. "मला वास येईनासा झालाय. काळी यांच्या नाकानं उतरलीय."

पोस्टमननं मास्तरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "बरं," तो म्हणाला. "सांगा तुम्ही."

बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "भाजलेल्या पावाची कड," त्या म्हणाल्या. "मग कॉफी. पेला हातात धरून जरा कोमट केलात तर मागून मनुका येईल. घाई करू नका."

पोस्टमननं पेला दोन्ही तळव्यांत धरला. तो मनुकांची वाट बघत राहिला आणि सगळं टेबल त्याची. मास्तर तिथं थांबले नाहीत. मागच्या अंगणात बार्लीची गाडी येऊन उभी होती.

दहा पोती होती. गाडीवाला नवा होता आणि सहीसाठी कागद पुढे करून थंडीनं पाय आपटत होता. मास्तरांनी पहिल्या पोत्याची शिवण उसवली, कोपरापर्यंत हात आत घातला, तळातला एक दाणा काढून दाढेखाली धरला. कट्. तो आवाज त्यांना जबड्यातून थेट कानात ऐकू आला. दुसरं पोतं. कट्. तिसरं, चौथं. पाचव्या पोत्यातला दाणा आधी दबला, मग तुटला. त्यांनी आणखी एक काढला. तोही तसाच.

"हे परत न्या. सादळलंय."

"काय सांगता," गाडीवाला म्हणाला. "सगळी एकाच वेळी भरलीत." त्यानं पोत्यात तोंड घातलं. "कुठं येतोय कुबट वास? तुम्हीच घेऊन बघा."

"वासाचं काम आतल्या बाईंचं," मास्तर म्हणाले. "मी दातांनी बघतो."

गाडीवाल्यानं आधी चौथ्या पोत्यातला दाणा चावून पाहिला, मग पाचव्यातला. त्यानं पाचवं पोतं ओढत गाडीपाशी नेलं. मास्तर सहाव्याची शिवण उसवू लागले.