कॉलरपुरता उरलेला कागद

मी एक कागद बोलतोय. औषधाच्या खोक्यात गोळ्यांच्या पाकिटाला गुंडाळलेला, पातळ, बारीक अक्षरांनी गच्च भरलेला कागद. मला माहितीपत्रक म्हणतात. तुम्ही मला शंभरदा हातात घेतलं असेल आणि शंभरदा बाजूला सारलं असेल. त्याचा मला राग नाही, असं खोटं मी बोलणार नाही. राग आहे, आणि तो का आहे ते ऐका.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझा तोरा काय विचारता! पाठपोट छपाई. माथ्यावर औषधाचं नाव, खाली गोळी कशी घ्यावी, कुणी घेऊ नये, घेतल्यावर काय काय होऊ शकतं, सगळं अगदी सविस्तर. मग यंत्रानं माझ्या इतक्या घड्या घातल्या की माझी लांबी-रुंदी मलाच आठवेना.

औषधाच्या दुकानातून मी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरी आलो. पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नाही. त्यांना पाठीवर नागीण उठली होती. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण बरगडीखालची आग काही जाईना. अंगावरचा कपडा घासला तरी डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावरची गोळी दिली आणि आठवड्यानं मात्रा वाढवायला सांगितली. गोळीनं गुण दिला, हे मी कबूल करतो. चौथ्या दिवशी बाई खुर्चीला पाठ टेकून बसल्या.

मग माझं नशीब फिरलं. दुसरं पाकीट काढताना मी बाहेर पडलो. आता चष्मा लावतील, वाचतील, या आशेनं मी घड्या सैल केल्या. बाईंनी मला उलगडलं, बोटांनी चाचपलं आणि काजं-बटणं करणाऱ्या नणंदेला म्हणाल्या, "वन्सं, हा कागद बघा कसा कुरकुरीत आहे! मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाच्या कॉलरचं कटिंग करायला झकास."

"वर्तमानपत्र आहे की वहिनी."

"त्याची शाई लागते. फिका कोट आहे तो."

शिवणाऱ्या माणसाला पातळ कागद दिसला की हात शिवशिवतात. कात्री चालली. माझा माथा, म्हणजे औषधाचं नाव, चिंध्यांत पडला आणि केराबरोबर गेला. उरलो तो कॉलरच्या आकाराचा. बाई प्रत्येक पेपर कटिंगवर, म्हणजे कापड बेतायच्या कागदी मापावर, ते कुणाचं हे पेन्सिलीनं लिहितात, पण माझ्यावर लिहायला जागाच नव्हती. त्यांनी मला तसंच खिळ्याला टांगलं. आणि माझ्या त्या उरलेल्या अंगावर ही ओळ होती: 'काही जणांना अचानक तीव्र भीतीचे झटके येऊ शकतात. असे झाल्यास डॉक्टरांना कळवावे.'

मात्रा वाढवून सहा दिवस झाले होते. भर दुपारी मुख्याध्यापिकाबाई कोट अंगावर घालून उभ्या होत्या. शिवणाऱ्या बाई टाचण्या ओठांत धरून खांदा बेतत होत्या. एकाएकी त्यांचे हात थांबले. चेहरा पांढराफटक. टाचण्या थुंकून त्या खाली बसल्या. "माझं काळीज... श्वास येत नाहीये... मी चालले!"

धावाधाव झाली. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, ती स्वच्छ. कसली औषधं चालू आहेत, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "काही नाही हो, पाठीची एक गोळी." हे त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि मी खिळ्यावर कपाळ बडवून घेतलं असतं, पण कपाळ केरात गेलेलं.

झटके येतच राहिले. कधी इस्त्री करताना, कधी नुसतं दार वाजलं म्हणून. घाम, थरथर, आणि आपण आत्ता मरणार ही खात्री. यजमान स्वभावानं गरीब माणूस. ते म्हणायचे, "अगं, फार विचार करतेस तू. मन दुसरीकडे लाव." जणू मन म्हणजे बटण, इथलं उसवून तिथं लावायचं!

बाईंच्या मनात मात्र वेगळीच धास्ती होती. एकदा काजं करणाऱ्या नणंदेजवळ त्या बोलल्या. "माझी मोठी मावशी अशीच घाबरायची. शेवटची अकरा वर्षं एका खोलीत काढली तिनं. तेच माझ्या वाट्याला आलंय, वन्सं. एक दिवस कात्री हातात असताना असं झालं आणि समोर गिऱ्हाईक असलं तर? नको. मी मशीन देऊन टाकते."

बोलणं झालं, ठरलंही. बाजारातले एक शिंपी शनिवारी सकाळी मशीन आणि कापायचं टेबल न्यायला येणार होते. जिच्यावर बाईंचा सगळा जीव, ती मशीन निघाली होती, आणि का निघाली हे माझ्या अंगावर लिहिलेलं होतं. मी नुसता लटकत होतो. असली लाचारी वैऱ्यालाही नको.

शुक्रवारी दुपारी नणंद पेपर कटिंगं लावायला बसली. ज्याचं त्याला परत द्यायचं, म्हणून एकेकावरचं नाव वाचत होती. माझ्यावर नाव सापडेना. पालथा केला, उलटा धरला, खिडकीशी नेला. मग तिचे ओठ हलायला लागले. ती ओळ तिनं दोनदा वाचली.

पण कागद कुठल्या औषधाचा, हे सांगणारं माझ्याकडे काही नव्हतं. नणंद धोरणी. वहिनीला एक शब्द न बोलता तिनं मला आणि गोळ्यांचं पाकीट पिशवीत घातलं आणि तडक औषधाचं दुकान गाठलं. दुकानदारानं त्याच गोळीचं नवं खोकं फोडून माझा धाकटा भाऊ उलगडला. तिनं मला त्याच्यावर ठेवलं, कापडावर कटिंग ठेवतात तसं. ओळीवर ओळ बसली.

"हाच कागद," दुकानदार म्हणाला. "पण गोळी एकदम सोडू देऊ नका बरं का. आधी डॉक्टरांना भेटा."

बरं झालं सांगितलं. घरी कळल्याबरोबर बाई पाकीट केरात टाकायलाच निघाल्या होत्या. नणंदेनं हात धरला आणि संध्याकाळी ओढतच त्यांना गोळी देणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. मी पिशवीतून ऐकत होतो.

"असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येकाला होत नाही, पण शक्यता आहे. मात्रा हळूहळू उतरवू, दुसरं काही बघू. मला आधीच सांगायचं ना!"

"मला काय ठाऊक, हे गोळीनं होतं ते?" बाई म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडल्या.

शनिवारी सकाळी शिंपी हातगाडी घेऊन दारात हजर. यजमानांनी विचारलं, "काय सांगू त्यांना?" बाईंचं ठरत नव्हतं. डॉक्टर नुसतं 'असू शकतं' म्हणाले होते, मावशी तर खरीच होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि नेमका झटका आला. छाती भात्यासारखी वरखाली. शिंप्यानं नजर खाली घातली. यजमान मशीनचं झाकण आणायला वळले.

"झाकण राहू दे!" बाई धापा टाकत म्हणाल्या. त्या स्टुलावर बसल्या. रात्री पिशवीतून काढून घेतलेला मी त्यांच्या मुठीत होतो. "हे येतं... आणि जातं. जाऊ दे त्याला. थांबा जरा."

सगळे थांबले. मी घामानं भिजलो. किती वेळ गेला कोण जाणे, मला तो छापखान्यापासूनच्या सगळ्या आयुष्याएवढा वाटला. हळूहळू मूठ सैल झाली.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि शिंप्याला म्हणाल्या, "दादा, तुम्हाला उगाच खेप पडली. माझं काम अजून संपलेलं नाही."

आता माझी अक्षरं पुसट झालीत, कडा विरल्यात. फार दिवस टिकेन असं वाटत नाही. पुढच्या वेळी खोक्यातून माझा एखादा भाऊबंद निघाला, तर त्याची हवी तर कॉलर करा, नाहीतर फळीवर अंथरा. माझी काही तक्रार नाही. फक्त त्याआधी चष्मा लावा, आणि तुम्हाला काय होतंय ते डॉक्टरांना सांगा. मशीन न्यायला आलेला माणूस दर वेळी रिकामी गाडी घेऊन परत जात नाही.